ओढ आणि सोड

३ ऑक्टोबर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

शेडच्या पायरीवर बसून समुद्राच्या पाण्याने आवळून बसलेल्या गाठी नखांनी सोडवत होतो. नखं दुखायला लागली म्हणून वही घेतली.

काल दुपारी आमची होडी उलटली. कोणी मेलं नाही. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं लिहिताना अक्षर बिघडणार नाही.

होडी म्हणजे दादाने दोन वर्षं खपून बांधलेली कयाक. लांब, अरुंद, फायबरची, दोन माणसांची. तिला शीड आहे. शिडाच्या जोराने ती कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना लांब दांडे काढून त्यांच्या टोकांना एकेक पोकळ, तरंगता ओंडका बसवला आहे. त्याला उलांडी म्हणतात. मध्ये होडी, दोन अंगांना दोन उलांड्या. पाण्यावर निवळी चालते ना, लांब पायांचा किडा, तशी दिसते.

दादा पुढे बसतो, वारा आणि लाट बघून हुकूम देतो. मी मागे, सुकाणू आणि शिडाचा दोर माझ्याकडे. हुकूम दोनच. 'ओढ' म्हणजे दोर ओढायचा. शीड ताणलं जातं, होडी पळते. 'सोड' म्हणजे दोर सोडायचा. शिडातला वारा निघून जातो, होडी शांत होते. वाऱ्याचा मोठा झोत आला की सोडायचं, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

काल झोत आला. दादा ओरडला. मी ओढला.

डावी उलांडी पाण्यात घुसली, उजवी आभाळात गेली आणि होडी पालथी पडली. दादाचं मनगट दांड्यावर आपटलं. तास-दीड तास आम्ही पालथ्या होडीला धरून तरंगत होतो. शेवटी एका मच्छीमार लाँचने ओढत आणलं, तशीच पालथी. किनाऱ्यावरची सगळी माणसं बघत होती.

दादा म्हणतो, तो 'सोड' म्हणाला. मला 'ओढ' ऐकू आलं, अगदी स्वच्छ. पण झोत आल्यावर 'ओढ' कोण म्हणेल? म्हणजे चूक माझ्या कानांची. 'सोड'मधला 'स' वाऱ्याने नेला असणार, आणि उरलेल्या 'ड'चा मी 'ढ' केला. दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरतो मी. शाळा नववीत सुटली, पण ड कुठे आणि ढ कुठे यात आजवर एकदाही चुकलो नव्हतो. समुद्रात चुकलो.

रात्री वहिनींनी दादाच्या मनगटाला फळी बांधली. हाड शाबूत आहे, लचकलं आहे. डॉक्टरांनी दहा दिवस सांगितले. दादा जेवताना एकदाच बोलला, "मास्तर, मी सोड म्हणालो होतो रे."

मी म्हणालो, "हो दादा."

मला तो मास्तर म्हणतो, शुद्धलेखनावरून. काल पहिल्यांदा ते टोचलं.

५ ऑक्टोबर

बंदर कचेरीतले तपासनीस आले होते. बारीक, उंच, खिशाला तीन पेनं. त्यांनी होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि उलांडीवर टिचकी मारून बघितली.

"ही उलटायला अवघड आहे," ते म्हणाले.

दादा खूष झाला. "तेच तर साहेब!"

"आणि एकदा उलटली की सरळ व्हायला त्याहून अवघड. पाय वर केलेल्या टेबलासारखी. त्या दिवशी तुम्ही दोघं तिला धरून तरंगत होतात. पोस्टाची थैली असती तर?"



गोष्ट अशी आहे. समोरच्या बेटावर रोज टपाल आणि औषधं पोचवायचं काम एक नोव्हेंबरपासून कोणाला तरी मिळणार आहे. मोठी लाँच आठवड्यातून दोनदाच जाते. त्या कामासाठी दादाने होडी बांधली, त्यासाठीच बोटी बांधायच्या यार्डातली नोकरी सोडली. काम मिळायला बंदर कचेरीचा दाखला हवा. तपासनिसांनी अट घातली: अठ्ठावीस तारखेला, खुल्या समुद्रात, वारा असताना, त्यांच्या समोर होडी उलटवायची. मग दोन माणसांनी, बाहेरची कसलीही मदत न घेता ती सरळ करून, पाणी उपसून, शीड उभारून परत यायचं. जमलं तर दाखला, नाही तर नाही.

"दुसरी तारीख?" दादाने विचारलं.

"दुसरी तारीख पुढच्या वर्षी," असं म्हणून ते गेले. मला माणूस वाईट वाटला नाही. त्यांनी माझ्याकडून 'उलांडी' हा शब्द विचारून घेतला आणि वहीत बरोबर लिहिला.

६ ऑक्टोबर

कोणाला न सांगता कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानांवर डबे लावून बारीक बारीक आवाज ऐकवले. ऐकू आला की बोट वर करायचं. मी प्रत्येक वेळी केलं. एकदा तर आवाज येण्याआधी बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकून केलं.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारखे कान मी फार कमी बघितलेत. काय त्रास होतो?"

"एक शब्द चुकीचा ऐकला."

"बायकोचा?"

"लग्न नाही झालं."

"मग कशाला घाबरता?" ते हसले, आणि पैसे पूर्ण घेतले. मला वाटतं त्यांचं यंत्र बिघडलेलं आहे.

९ ऑक्टोबर

वळणावरच्या हॉटेलचे मालक आले. त्यांना होडी हवी आहे. हॉटेलच्या दारात उभी करून तिच्यात माती भरून फुलझाडं लावणार म्हणतात. "लोक फोटो काढतील. तुमचंही नाव होईल."

देतात ती रक्कम फायबरच्या खर्चाच्या निम्मी. मला वाटलं दादा हाकलून देईल. तो म्हणाला, "महिनाअखेरीला सांगतो."

ते गेल्यावर वहिनी शिवणाच्या मशीनवरून न उठता म्हणाल्या, "दोन वर्षं झोप नाही, सुट्टी नाही, माझ्या पडद्यांचं कापड शिडाला गेलं. कशासाठी? कुंडीसाठी!"

"मनगट बघतेस ना माझं," दादा म्हणाला.

"मनगट बघतेय. बाकीचंही बघतेय."

नवरा-बायकोच्या बोलण्यात पडू नये म्हणून मी ब्रश धुवायला गेलो. तेवढ्यात दादाने हाक मारली, "मास्तर, डावीकडचा डबा दे रे, वॉर्निशचा." डावीकडे रॉकेल होतं. मी उजवीकडचा दिला. घाईत असला की त्याचं डावं-उजवं होतं. वहिनी म्हणतात तसं त्याच्या तोंडाकडे नाही, बोटाकडे बघायचं.

११ ऑक्टोबर

एक उपाय केला. होडीत माझ्या आसनासमोर, दोर जिथे अडकवतो त्या खुंटीच्या वर लाल रंगात 'ओढ' आणि खाली निळ्या रंगात 'सोड' असं रंगवलं. चार बोटं उंचीची अक्षरं. ढची गाठ आणि डची मोकळी शेपटी लांबूनही कळेल अशी काढली. आजवरच्या माझ्या कामात इतकं चांगलं वळण दुसरं नाही.

वहिनी बघायला आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"सुंदर आहे हो भावोजी. फक्त एकच. समुद्राला वाचता येत नाही."

१३ ऑक्टोबर

दादाची फळी निघाली. डॉक्टर म्हणाले, बरं झालं, आता वापरायला लागा. घरी आल्यावर त्याने त्यावर परत पट्टी गुंडाळली. अजून आतून दुखतं म्हणे. बाहेरून सूज दिसत नाही, त्यामुळे मला जास्तच काळजी वाटते. आतलं दुखणं वाईट.

संध्याकाळी वहिनी मशीन बंद करून उठल्या. "तपासनीस काय म्हणाले? दोन माणसं. कोणती दोन ते म्हणाले का?"

"नाही."

"मग उद्यापासून मी पुढे बसणार."

दादा म्हणाला, "तू?"

"मी नदीकाठची आहे. तुमच्या आधी पोहायला शिकले. आणि शीड मी शिवलंय, फाटलं तर मलाच शिवायचंय."

दादा वाद घालेल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "जॅकेट घट्ट बांध." आणि खिडकीकडे जाऊन उभा राहिला.

१४ ऑक्टोबर

बंदराच्या आतल्या शांत पाण्यात मुद्दाम होडी पालथी केली. धक्क्यावरच्या चार हमालांनी मदत केली तेव्हा कुठे झाली. मग वहिनी आणि मी दोघांनी दोर घालून ओढलं. एक बाजू वीतभर उचलायची आणि परत बसायची. दुसऱ्या बाजूची उलांडी पाण्याला अशी टेकून बसते की जणू भाड्याने राहायला आली आहे.

दादा धक्क्याच्या पायऱ्यांवर होता. शेवटच्या ओल्या पायरीपर्यंत मात्र आला नाही.

हमाल म्हणाले, "कुंडीच बरी."

१५ ऑक्टोबर

कालच्यासारखंच. तळहाताची साल गेली.

१६ ऑक्टोबर

आज पायाच्या अंगठ्याचं नख काळं झालं आणि मी फार आनंदात आहे.

वहिनींचं कापड कापायचं मोठं टेबल आहे, पाय मिटणारं. ते पलीकडच्या खोलीत न्यायला मी एक टोक धरलं. माझ्याकडच्या एका पायाची कडी नीट बसली नव्हती. तो पाय आत मिटला आणि अख्खं टेबल त्या बाजूला कलंडून माझ्या अंगठ्यावर आलं. मी ओरडलो. वहिनी धावल्या.

"लागलं का?"

"वहिनी, एक पाय मिटला की टेबल उभं राहत नाही!"

"ते कळलं. लागलं का?"

"होडीचा एक पाय मिटवायचा!"

त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

आमच्या उलांड्यांचे दांडे दुमडता येतात, शेडमध्ये जागा कमी म्हणून दादाने तशी सोय केली आहे. प्रत्येक दांडा एका खिळीवर उघडा राहतो. खीळ काढली की उलांडी होडीच्या कुशीत येते. पालथी असताना एकाच बाजूच्या खिळी काढायच्या. त्या बाजूला टेकू उरला नाही की तिथे उभं राहून आपल्या वजनाने ती बाजू खाली दाबायची, आणि दुसऱ्या उलांडीला बांधलेला दोर आपल्याकडे ओढायचा. ती आभाळातून येऊन आपल्या बाजूला पडेल.

"आपल्या डोक्यावर?" वहिनींनी विचारलं.

"होडीला चिकटून राहिलो तर डोक्याच्या पलीकडे."

दादाला सांगितलं. त्याने कागदावर चित्र काढलं, मनात हिशोब केला आणि म्हणाला, "होईल." मग थोड्या वेळाने, "मास्तर, मी बांधली आणि मला हे सुचलं नाही." पाठीवर थाप मारली. पट्टीच्या हाताने. विसरला असेल.

१७ ऑक्टोबर

झाली! शांत पाण्यात, पहिल्याच झटक्यात नाही, पण चौथ्या वेळी. उलांडी वर गेली, क्षणभर तिथेच थांबली आणि धप्पकन आली. डोलकाठी पाण्यातून उठली तेव्हा तिच्यावरून पाणी असं ओघळलं की मला ती आंघोळ करून आल्यासारखी वाटली. हमालांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मी सगळ्या खिळींना बारीक दोरीने होडीशी बांधून टाकलं. उपसायच्या डब्यालाही. वल्ह्यालाही. वहिनी म्हणाल्या, "सावकाश हं भावोजी, नाही तर मलाही बांधून ठेवाल."

२० ऑक्टोबर

बंदराच्या तोंडाशी, लाटांत. आज भांडण झालं.

वहिनी पुढे होत्या, मी मागे. वारा कानांत भणभणत होता. त्या ओरडल्या, मी सोडला. त्या मागे वळून म्हणाल्या, "ओढ म्हणाले!" पुढच्या वेळी मी ओढला. "आता सोड म्हणाले होते!" वाचलो ते फक्त वारा पडला म्हणून.

"तुमचं लक्ष कुठे असतं?"

"माझे कानच खराब आहेत," मी म्हणालो. रडू येत होतं. डॉक्टरांकडे जाऊन आल्याचं तेव्हाच सांगून टाकलं. वहिनी पुढच्या आसनावर पूर्ण मागे वळून बसल्या.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले उत्तम आहेत. पण यंत्र बिघडलेलं होतं."

 वहिनी माझी लाल-निळी अक्षरं बोटाने दाखवून म्हणाल्या, "हे दोन शब्द वाऱ्यात एकच आहेत. दोन्ही नुसते 'ओऽ'. कोणालाही चुकतील. लहानपणी आम्ही भावंडं गच्चीवर पतंग उडवायचो. एक जण मांजा धरायचा, दुसरा पतंगाकडे बघून ओरडायचा. काय ओरडायचा?"

"खेच. आणि ढील."

"तुम्हीही उडवलेत ना पतंग? ऐकताना कधी चुकलात?"

खरंच कधी नाही. 'खेच' चपराक मारल्यासारखा येतो आणि तुटतो. 'ढील' लांबत जातो. शिवाय ढीलमधला ढ तर ओढमधलाच, पण इथे तो पुढे आहे, वाऱ्याला खायला सापडत नाही.

परत येईपर्यंत एकदाही चुकलो नाही. रात्री जेवताना वहिनींनी दादाला सांगितलं, "आम्ही शब्द बदलले. आता कोण काय म्हणालं होतं याचा प्रश्नच उरला नाही."

दादा भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता. "शब्द बदलून काय होतंय," तो म्हणाला. पण नंतर अंधारात त्याच्या खोलीतून हळू आवाज आला: खेच. ढील. खेच. ढील. बहुतेक झोपेत बोलत होता.

२३ ऑक्टोबर

लाल-निळी अक्षरं खरवडून काढली. वाईट वाटलं. नवीन लिहिली नाहीत.

२५ ऑक्टोबर

वारा नाही. सराव नाही. भीती आहे.

२७ ऑक्टोबर

वारा सुटला आहे, शेडचा पत्रा वाजतो आहे. हॉटेलचे मालक मापं घ्यायला आले होते. पट्टी लावून होडीची लांबी मोजली. वहिनी त्यांना म्हणाल्या, "रुंदी नाही मोजलीत? फुलं आडवीही वाढतात." ते चहा न घेता गेले.

दादाने रात्री प्रत्येक खिळीला तेल लावलं. एकेक काढून, पुसून, परत बसवून. मी विचारलं, "उद्या लाँचवर तपासनिसांबरोबर येणार ना?"

"किनाऱ्यावर थांबतो. मनगट..."

"हो, हो, थंड वाऱ्याने वाढेल," मी म्हणालो.

२८ ऑक्टोबर, रात्री. अक्षर सांभाळून लिहितो.

सकाळी समुद्र करडा होता आणि लाटांच्या डोक्यांवर फेस. तपासनीस लाँचमध्ये उभे, एका हातात छपराचा दांडा, दुसऱ्या हातात वही. लाँच चालवणारा विड्या ओढणारा म्हातारा होता. आम्हाला बघून त्याने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

बंदराबाहेर पडलो आणि पहिल्याच फर्लांगात झोत आला, दोन तारखेला आला होता तसाच. पाण्यावरून काळी सावली धावत येताना दिसली.

"ढीऽऽल!"

मी दोर सोडला. शीड फडफडलं, होडी जरा झुकली आणि सरळ झाली. सावली आमच्यावरून निघून गेली. इतकंच. चार आठवडे ज्या क्षणाला मी रोज घाबरलो तो एवढासा होता.

मग उलटवायची वेळ आली, आणि आमची फजिती झाली. ती उलटेना! दोघं एका उलांडीवर जाऊन उभे राहिलो. ती पाण्याखाली गेली, आम्ही पाण्यात पडलो, होडी तशीच. परत चढलो. पुन्हा तेच.

तपासनीस लाँचवरून ओरडले, "अहो, उलटवा ना! मला दुपारी दुसरीकडे जायचंय!"

"प्रयत्न करतोय साहेब!"

"बुडू नये म्हणून सगळे येतात, तुम्ही पहिलेच!" म्हातारा खो खो हसत म्हणाला.

वहिनी ओठांवरचं मीठ पुसत म्हणाल्या, "भावोजी, तुम्हाला ही उलटवता येते. एकदा उलटवलीय तुम्ही."

मला समजलं. परत शीड लावलं. सावलीची वाट बघितली. ती आली, मोठी. अंगातला कणन् कण 'सोड' म्हणत होता. वहिनी पुढून ओरडल्या, "खेऽच!"

मी खेचला. दोन्ही हातांनी, डोळे उघडे ठेवून. डावी उलांडी घुसली, उजवी आभाळात गेली, आणि आम्ही पाण्यात. चुकून झालं होतं ते आज हुकमाने केलं. पाण्याखाली मला हसू आलं आणि नाकात पाणी गेलं.

वर आलो तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. लाट डोक्याएवढी. होडीचा तळ पांढऱ्या माशाच्या पोटासारखा वर, उलांड्या दोन बाजूंना पसरलेल्या. वहिनींनी खाली बुडी मारून शीड डोलकाठीला गुंडाळलं. दोन बुड्यांत झालं नाही, तिसरीत झालं. मी माझ्या बाजूच्या खिळी काढायला लागलो. पहिली सुटली. दुसरी निघता निघता लाटेने हात झटकला आणि खीळ बोटांतून गेली.

गेलीच असती. पण ती माझ्या दोरीला लटकत होती. वहिनींनी ती बघितली. "बांधा हो," त्या धापा टाकत म्हणाल्या, "उद्यापासून मलाही बांधा."

उलांडी दुमडली, खिळी खोचल्या, लांबच्या उलांडीचा दोर तळावरून आमच्याकडे घेतला. दोघं होडीच्या काठावर पाय रोवून मागे लवलो. ती उचलली, अर्ध्यावर आली, आणि मागून लाट आली. परत बसली. पुन्हा. पुन्हा बसली. हातांत जोर उरेना. लाँच जवळ आली, म्हाताऱ्याने दोर फेकायला हात उचलला.

"नको!" मी ओरडलो. मी इतक्या जोराने कधी ओरडलेलो नाही. त्याने हात खाली घेतला. तपासनिसांनी वहीत काहीतरी लिहिलं.

माझं तोंड होडीकडे होतं, मला लाटा दिसत नव्हत्या. वहिनी टोकाकडे होत्या, त्यांना दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "लाटेशी भांडू नका. ती पलीकडची उलांडी उचलेल तेव्हाच खेचायचं. मी सांगते."

"ढील... ढीऽल..." दोर सैल धरून थांबलो. पाणी आम्हाला खाली घेऊन गेलं. पलीकडे कुठेतरी लाट येत होती, मला फक्त त्यांचा आवाज.

"खेच!"

सगळं अंग मागे फेकलं. उलांडी उठली. लाटेने तिला खालून ढकललं, आम्ही वरून खेचलं. "खेच! खेच! खेच!" ती आभाळात उभी राहिली, टोकावरून पाणी गळत, आणि थांबली. मी होडीला चिकटलो, डोकं आत घेतलं. धाडकन आवाज झाला. डोळे उघडले तर डोलकाठी उभी होती. ओली, चकचकीत, सरळ आभाळात.

म्हाताऱ्याने लाँचचा भोंगा वाजवला. किती वेळ वाजवत होता कोण जाणे.

दुमडलेली उलांडी उघडली, खिळी बसवल्या, चढलो. वहिनी उपसत होत्या, मी उपसत होतो, मध्येच दोघंही हसत सुटायचो आणि परत उपसायचो. शीड उघडलं. मी म्हणालो, "वहिनी, शिलाई उसवली नाही."

"उसवेल कशी, माझे पडदे आहेत ते."

परतताना वारा पाठीशी होता. होडी अशी पळाली की लाँच मागे पडली. तपासनिसांना मागे टाकणं नियमात बसतं का याची मला काळजी वाटली, पण दोर सैल केला नाही.

किनाऱ्यावर लाटा फुटत होत्या आणि दादा पाण्यात होता. गुडघाभर नाही, छातीभर. बेचाळीस पायऱ्यांच्या धक्क्यावर शेवटच्या पायरीला न येणारा माणूस फुटत्या लाटांत घुसला होता. त्याने होडीच्या नाकाचा दोर पकडला, मनगटाला दोन वेढे घेतले, पट्टीच्याच मनगटाला, आणि वाळूवर टाचा रोवून खेचायला लागला. पट्टी सुटून पाण्यात वाहून गेली. हमाल धावले, त्यांनी मागून दोर धरला. दादा जिवाच्या आकांताने त्यांच्यावर ओरडत होता, आणि स्वतः दात-ओठ खाऊन दोर ओढत होता.

"सोड! सोड रे! जोरात सोड! सोऽड!"

हमालांतल्या दोघांनी सोडला. दोघांनी ओढला. होडी वाळूवर आली.

वहिनी उतरता उतरता थांबल्या. एक पाय होडीत, एक पाण्यात. दादाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"भावोजी, हे काय ओरडत होते?"

"मला 'सोड' ऐकू आलं," मी म्हणालो. "पण लाटांचा आवाज फार आहे. 'ओढ' म्हणाला असेल. दोर ओढताना 'सोड' कोण म्हणेल?"

वहिनींनी तोंडावर हात ठेवला आणि वाळूत बसल्या. मला वाटलं त्यांना भोवळ आली. हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

दादा आला, ओला, लाल झालेलं मनगट चोळत. "काय झालं हिला?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमचं मनगट बरं झालं."

दादाने मनगटाकडे बघितलं. मग समुद्राकडे. मग मला असं कवटाळलं की निथळूनही माझ्या जॅकेटात राहिलेलं पाणी त्याच्या गळ्यात गेलं.

तपासनीस लाँचमधून उतरले, बूट ओले. सही तिथेच, होडीच्या पाठीवर कागद ठेवून केली. "एकच शंका," ते म्हणाले, "'खीळ' दीर्घ ना?"

"दीर्घ," मी म्हणालो. "पण 'खिळी' म्हणताना पहिली ऱ्हस्व."

२९ ऑक्टोबर

एक तारखेला पहिली फेरी. कोण कुठे बसणार यावर सकाळी बोलणं झालं. मी धरून चाललो होतो की दादा पुढे बसणार, पूर्वीसारखा. वहिनी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "मी मागे बसतो. दोर माझ्याकडे. पुढे बसून हुकूम मास्तर देईल."

"मी?"

"शब्द तुझे, हात माझे."

कारण कळलं नाही. त्याचं मनगट तर आता बरं आहे. पण मी नाही म्हणालो नाही. हॉटेलवाल्यांना दादा स्वतः जाऊन नकार देऊन आला. येताना फुलझाडाचं एक रोप घेऊन आला, वहिनींच्या खिडकीसाठी. साध्या कुंडीतलं.

महिन्याचा हिशोब:

खर्च. खिळी आणि तेल: १४०. दोरी (बारीक): ३५. लाल आणि निळा रंग (खरवडला): ९०. हमालांना चहा: ११०. कानाची तपासणी: ३०० (वाया).

देणं. फायबरवाल्याचे ४,२००, पहिल्या पगारात अर्धे. वहिनींना पडद्यांचं कापड, सहा वार.

पुढच्या महिन्यात कानाच्या तपासणीचे आणखी ३०० धरले होते, दुसऱ्या डॉक्टरांकडे. वहिनींनी ते वाचून पेन्सिलने खोडलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, ते पैसे कापडात घाला.